गाळलेलं पाणी

आमच्या माहेरी पाणी गाळायचं फडकं वेगळं असायचं. जाड खादीचं, दुहेरी शिवलेलं. ते दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही, पिळायचं नाही आणि उन्हात वाळत घालताना त्यावर कुणाची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, असा आजीचा दंडक. परड्यात विहीर होती. रोज पहाटे आजी तिथं जायची आणि कळशीच्या तोंडाला फडकं बांधून सावकाश पाणी गाळायची. खरं काम त्यानंतरचं. फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानंच ते धुवायची, धुतलेलं पाणी छोट्या बादलीत घ्यायची आणि बादली दोरानं अगदी पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची. मग दोराला हलकासा झटका दिला की बादली कलायची. "वरनं ओतलं तर आपटून मरत्यात गं ते," असं ती म्हणायची. ते म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. ज्या विहिरीतले, त्याच विहिरीत परत.

मी सात-आठ वर्षांची असेन. दोर धरायचा मान मला मिळाला की दिवसभर मी ताठ मानेनं फिरायची.

घराच्या पाठीमागंच वखार होती. तंबाखूच्या दिवसांत तिथं पंचवीस-तीस बाया चाळायला यायच्या. निपाणीत जन्मलेल्या कुणालाही तो वास आणि ती धूळ सांगायला नको. तोंडाला पदर घट्ट बांधलेला, भुवया-पापण्या तपकिरी झालेल्या. दुपारी त्यांच्यातली एकजण परड्यात यायची. बाकीच्या बाया वखारीतल्या माठातलं पाणी प्यायच्या, हिला तो माठ चालत नव्हता. ती दगडी डोणीच्या पलीकडं उभी राहायची आणि हाक मारायची, "आक्का, पाणी घाला की." मी तांब्या घेऊन जायची. ती खाली वाकून ओंजळ धरायची आणि मी वरून धार सोडायची. तांब्या तिच्या हाताला लागू नये म्हणून चांगला हातभर उंच धरायची. अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडायचं. चहा असेल त्या दिवशी गोठ्याच्या कोनाड्यातली कान तुटलेली कपबशी ती स्वतःच काढायची आणि स्वतःच धुऊन परत ठेवायची.

ती माझ्या आईच्या वयाची होती. मी तिला नावानं हाक मारायची, अगं-तुगं करायची. ती मला आक्का म्हणायची, अहो-जाहो करायची.

ह्या दोन गोष्टी, पहाटेची बादली आणि दुपारचा तांब्या, माझ्या डोक्यात पन्नास वर्षं शेजारी शेजारी पडून होत्या. त्यांची गाठ कधी पडली नाही. एका मुलीनं ती घालून दिली.

दोन वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात आमच्या श्राविका मंडळानं मला अहिंसेवर बोलायला सांगितलं. मी वाचन करून गेले होते. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हात न उचलता समानता कशी मिळवली, गांधीजींकडून ते काय शिकले, आणि गांधीजींच्या मनावर श्रीमद् राजचंद्रांचा केवढा प्रभाव होता, असं सगळं गुंफून बोलले. शेवटी ह्या सगळ्याचं मूळ आपल्या धर्मात आहे, असंही अभिमानानं सांगितलं. टाळ्या पडल्या. कार्यक्रम सर्वांना खुला होता, त्यामुळं काही शिक्षिका आल्या होत्या. त्यांतली एक तरुण मुलगी नंतर माझ्याजवळ आली. चेहरा ओळखीचा वाटेना. तिनं आजीचं नाव सांगितलं तेव्हा डोणीपलीकडची ओंजळ आठवली.

"काकू, छान बोललात," ती म्हणाली. "एक विचारू? अहिंसा पाळायला सांगायची कुणाला? मारणाऱ्याला की मार खाणाऱ्याला?"

मी काहीतरी बोलले. "दोघांनाही," असं बहुतेक. ती हसली, नमस्कार करून गेली. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि पुढं बरेच महिने हा प्रश्न घेऊनच मी वाचत राहिले. ह्या लेखात ते वाचन आहे आणि थोडं त्या पलीकडचंही.

आधी महाडचं. चवदार तळं सार्वजनिक होतं. सीताराम केशव बोले यांच्या ठरावानंतर महाडच्या नगरपालिकेनं ते अस्पृश्यांना खुलं केल्याचं कागदावर लिहिलंही होतं. पण कागदानं तहान भागत नाही. २० मार्च १९२७ रोजी परिषदेला आलेली माणसं रांगेनं तळ्यावर गेली, बाबासाहेब आंबेडकरांनी पाणी घेतलं आणि मग सगळ्यांनी घेतलं. एवढंच केलं. थोड्या वेळात गावात अफवा उठली की आता हे देवळात शिरणार. मंडपात जेवायला बसलेल्या, घरी परतायला निघालेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते, त्यांना हाणामारी शिकवायची गरज नव्हती. बाबासाहेबांचा एक शब्द त्यांना पुरला असता. बाबासाहेबांनी शांत राहायला सांगितलं आणि ती माणसं शांत राहिली. नंतर फिर्याद झाली, खटला चालला, काहींना शिक्षा झाली. आणि गावातल्या सनातन्यांनी एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध करून घेतलं.

आपल्याकडं अहिंसा म्हटलं की मऊ, सोशिक, खाली मान घातलेलं काहीतरी डोळ्यापुढं येतं. महाडमध्ये मान खाली घातलेली नव्हती. सोसणं आणि अहिंसा ह्यांतला फरक मला तिथं पहिल्यांदा नीट कळला. आमच्या डोणीपलीकडं उभी राहणारी बाई वर्षानुवर्षं सोसत होती, तिनं कुणावर हात उचलला नव्हता. तरी तिच्या त्या गप्प राहण्याला मी अहिंसा म्हणणार नाही. तिला दुसरा रस्ताच नव्हता. महाडला दुसरा रस्ता होता, हातात काठ्याही होत्या, त्या खाली ठेवल्या गेल्या. पण तळ्यावर जायचं मात्र सोडलं नाही. डिसेंबरात ते पुन्हा महाडला जमले. कोर्टाचा मनाईहुकूम आल्यामुळं त्या वेळी तळ्यावर गेले नाहीत. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली आणि तळ्याचा दावा कोर्टात लढत राहिले. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो दावा जिंकला. दहा वर्षं, एका ओंजळीसाठी.

आता अमेरिकेचं. मैत्रिणींनो, ह्यात एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि ती फार कमी जणींना ठाऊक असते. जेम्स लॉसन नावाचा एक तरुण काळा पाद्री कोरियाच्या युद्धात लढायला नकार दिल्याबद्दल तुरुंगात जाऊन आला होता. १९५३ मध्ये तो नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. तिथं मुलांना खेळ शिकवायचा आणि गांधीजींच्या पद्धतीचा अभ्यास करायचा. १९५५ च्या डिसेंबरात नागपूरच्याच वर्तमानपत्रात त्यानं बातमी वाचली की आपल्या देशात मॉन्टगोमेरी गावी काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला आहे. रोझा पार्क्स ह्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला होता, तिथून ते सुरू झालं. लॉसन पुढच्या वर्षी परत गेला, मार्टिन ल्यूथर किंग यांना भेटला आणि नॅशव्हिल गावी कॉलेजच्या मुलामुलींना शिकवू लागला. काय शिकवायचा? शिव्या कशा ऐकायच्या, कुणी थुंकलं, ढकललं, केस ओढले तर हात कसा आवरायचा. एकमेकांना शिव्या देऊन, ढकलून त्याची चक्क तालीम घ्यायचे. मग ती मुलं, काळ्यांना जिथं बसून खायला मनाई होती अशा दुकानांत, नीटनेटके कपडे घालून, पुस्तकं घेऊन जाऊन बसली. मार खाल्ला, तुरुंगात गेली. शहरातल्या काळ्या कुटुंबांनी त्या दुकानांतली खरेदी बंद केली. १९६० च्या मे महिन्यात त्या दुकानांत काळ्यांना वाढायला सुरुवात झाली.

मला मात्र ह्या सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते मॉन्टगोमेरीच्या मोलकरणींनी. रोझा पार्क्सचं नाव आपल्याला ठाऊक असतं. पण बहिष्कार ३८१ दिवस चालला तो गोऱ्यांच्या घरी धुणं-भांडी, स्वयंपाक करणाऱ्या काळ्या बायकांच्या पायांवर. त्या चालत कामाला जायच्या, नाहीतर आपसांत ठरवलेल्या गाड्यांतून. आणि मग गंमत झाली. गोऱ्या मालकिणींना घरचं काम अडलेलं परवडेना. त्या स्वतः गाडी घेऊन आपल्या मोलकरणीला आणायला आणि सोडायला जाऊ लागल्या. गावचा महापौर चिडला. तुमच्यामुळंच हा बहिष्कार टिकतोय, असं त्यानं ह्या बायकांना सुनावलं. तरी गाड्या थांबल्या नाहीत.

ह्या मालकिणींनी गाडी काढली ती न्यायबुद्धीनं, की भांडी पडली होती म्हणून? बहुतेकींच्या बाबतीत भांड्यांसाठीच, असं मला वाटतं. आणि इथंच मी मंडळात जे बोलले ते कुठं कच्चं होतं हे कळलं. मी सांगितलं होतं की अहिंसेनं समोरच्याचं हृदय पालटतं. एखाद्याचं पालटतही असेल. पण मॉन्टगोमेरीत आधी अडली ती सोय. ज्यांच्या कष्टावर दुसऱ्यांचं सुख उभं होतं, त्यांनी ते कष्ट वेगळ्या रीतीनं द्यायचं ठरवलं, बसची गल्लेपेटी रिकामी ठेवली, आणि त्याच वेळी कोर्टातही दावा लढवला. हृदयाचं काय ते नंतर पाहू, असाच तो हिशोब होता. आमच्या निपाणीत तंबाखू आणि विडी कामगार बायकांनी संघटना केली, मोर्चे काढले, तेव्हा आमच्या सोप्यात बसून पुरुष मंडळी "ह्यांना कुणीतरी भडकवलंय" म्हणत होती. मी चहा नेऊन देत होते आणि मलाही तसंच वाटत होतं. त्यांनी दगड मारला नव्हता, शिवी दिली नव्हती, नुसतं काम थांबवलं होतं. आम्हाला ती हिंसा वाटली. ज्याची सोय अडते त्याला अहिंसाही हल्ल्यासारखी वाटते, हे अजून माझ्या मनातून जात नाही.

किंग १९५९ साली भारतात आले होते. तिरुवनंतपुरमच्या एका शाळेत दलित मुलांसमोर त्यांची ओळख करून देताना मुख्याध्यापक म्हणाले की हे अमेरिकेतले अस्पृश्य आहेत. किंगना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांनी विचार केला आणि म्हणाले, खरंच की, मी अस्पृश्यच आहे. ही आठवण त्यांनी पुढं स्वतःच एका प्रवचनात सांगितली. त्वचेचा रंग आणि जन्माची जात ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण तांब्या किती उंच धरायचा हे दोन्हीकडं सारखंच ठरतं.

आता घराजवळ येते. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव अधिवेशन. त्याचा अभिमान आपल्या भागात शंभर वर्षं सांगितला जातो. त्यानंतर चारच महिन्यांनी, १९२५ च्या एप्रिलमध्ये, आपल्या निपाणीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. ही गोष्ट मला साठीला आल्यावर कळली. माझं माहेर निपाणीचं, सासर निपाणीचं, शाळा इथली. आजी त्या वेळी लहान मुलगी असणार. तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. बेळगावला गांधी आले होते, हे मात्र ती सांगायची.

त्या मुलीच्या प्रश्नानं मला सगळ्यात जास्त अडचणीत आणलं ते नाशिकच्या आणि आपल्या स्वतःच्या बाबतीत. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. बायकाही त्यात होत्या. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. वर्षांमागून वर्षं गेली, दादासाहेब गायकवाडांनी नेटानं चालवला, पण दार उघडलं नाही. शेवटी बाबासाहेबांनीच सांगितलं की आता मंदिरप्रवेशात शक्ती घालवायची नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. म्हणजे अहिंसक मार्ग हरला का? मला तसं वाटत नाही. पण अहिंसेनं माणूस बदलतोच, असं सांगणाऱ्यानं काळारामाच्या बंद दारासमोर थोडा वेळ उभं राहावं. बाबासाहेबांनी दार उघडण्याची वाट पाहणं सोडलं, अहिंसा सोडली नाही. एवढा मोठा समाज एका दिवशी धर्म बदलतो आणि कुणाचं रक्त सांडत नाही, असं जगात किती ठिकाणी झालंय?

आणि आपलं. हे लिहिताना हात थोडा जड होतो, पण टाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. आचार्य शांतिसागर महाराज आपल्या भोजचे. त्यांच्या तपाबद्दल माझ्या मनात लहानपणापासून जो आदर आहे तो आजही तसाच आहे. १९४७ साली मुंबई सरकारनं हरिजन मंदिरप्रवेश कायदा केला आणि तो जैन मंदिरांनाही लावायचं ठरलं, तेव्हा महाराजांनी धान्याचा त्याग केला. तीन वर्षं त्यांनी अन्नाचा दाणा घेतला नाही. १९५१ साली उच्च न्यायालयानं हा कायदा जैन मंदिरांना लागू नाही असा निर्णय दिला, त्यानंतरच त्यांनी धान्य घेतलं. महाराजांचा मुद्दा धर्माच्या स्वातंत्र्याचा होता. जैन धर्म स्वतंत्र आहे, हिंदूंसाठीचा कायदा त्याला लावू नये, हे त्यांचं म्हणणं होतं, आणि न्यायालयाला ते पटलं. घरात ही कथा आजी डोळ्यांत पाणी आणून सांगायची. मीही तशीच ऐकली.

पण आता वय वाढल्यावर ती कथा ऐकताना मला दुसरी एक बाजू दिसते. तीन वर्षांच्या त्या त्यागात कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही, साधन पूर्ण अहिंसक होतं. तरी दाराबाहेर जो उभा होता त्याच्या दृष्टीनं शेवटी दार बंदच राहिलं. महाराजांच्या मनात द्वेष होता, असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण त्या निकालानंतर आमच्या घरात जो आनंद झाला, तो फक्त धर्माच्या स्वातंत्र्याचा होता का, की कोनाड्यातली कपबशी कोनाड्यातच राहणार ह्याचाही होता, हे मला आजीला विचारता आलं नाही. उपवास, मौन, धरणं ही अवजारं आहेत. ती कुणाच्याही हातात जाऊ शकतात, आणि नुसतं रक्त सांडलं नाही एवढ्यावरून न्याय झाला असं ठरत नाही.

हे सगळं आपल्या शास्त्राच्या बाहेरचं आहे असं समजू नका. प्राण जाणं ही द्रव्यहिंसा आणि मनातला कषाय ही भावहिंसा, हे आपण पाठशाळेतच शिकतो. बेसावधपणा, प्रमाद, हे हिंसेचं मूळ, हेही शिकतो. आणि कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसरा करत असताना मनातून ज्याला संमती दिली ते. तिन्हींचा बंध पडतो. हे मी मुलांना बोटांवर मोजून शिकवलंय. बटाटा-कांदा खाण्याच्या बाबतीत आपण हा नियम इतका बारकाईनं लावतो की हॉटेलातल्या तव्याचीही चौकशी करतो. पण डोणीपलीकडं वाकलेल्या बाईच्या बाबतीत कधी लावला? तिला तिथं मी उभं केलं नव्हतं, ती रीत माझ्या आधीची. मी नुसती धार सोडली आणि रोज सोडली. अनुमोदना म्हणजे दुसरं काय असतं?

सगळेच असे नव्हते, हेही लिहिलं पाहिजे. मार्च १९२० मध्ये माणगावला बहिष्कृतांची परिषद झाली, शाहू महाराज स्वतः आले आणि तरुण आंबेडकरांचं नेतृत्व त्यांनी जाहीरपणे उचलून धरलं. ती परिषद भरवायला पुढाकार घेणारे गावचे पाटील आप्पासाहेब आपल्याच समाजातले. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं, तर त्यांनी ऐकलं नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढं साताऱ्याला त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवू घातलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांना चहाचं दुकान घालून दिलं, तिथं गाडी थांबवून स्वतः चहा घेतला आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावला. ह्या तिन्ही गोष्टींत मार खाणाऱ्यानं काय करावं हा प्रश्नच नाही. जे वरच्या बाजूला उभे होते, त्यांनी काय करायचं थांबवलं, त्याच्या ह्या गोष्टी आहेत. त्या मुलीला मी "दोघांनाही" असं उत्तर दिलं होतं. आज विचारलं तर आधी मारणाऱ्याचं नाव घेईन, मग उभं राहून बघणाऱ्याचं. मार खाणाऱ्याला काय सांगायचं हे सांगायचा अधिकार आपला नाही. तिथं बाबासाहेबांनी सांगितलं, किंगनी सांगितलं, कारण ते स्वतः मार खाणाऱ्यांतले होते.

गेल्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी त्या मुलीकडं गेले. दरवर्षी चौऱ्याऐंशी लक्ष योनींतल्या जीवांची क्षमा मागते, नातेवाइकांना फोन करते. ह्या घरी कधी गेले नव्हते. जायला उशीर झाला. बस्तीतला कार्यक्रम लांबला, मग पाहुणे आले. पोचले तेव्हा ऊन घरांच्या पत्र्यांवर चढलं होतं.

त्या बाई कॉटवर बसल्या होत्या. नव्वदीला टेकल्यात, नीट दिसत नाही, धुळीनं धरलेला खोकला अजून आहे. मी पहिल्यांदाच त्यांना मावशी म्हटलं. ते त्यांना कळलं की नाही कोण जाणे. "कोण, आक्का व्हय? या की," म्हणाल्या. मी हात जोडून क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "कशाची वो? तुम्ही ल्हान हुता." मग म्हणाल्या, "तुमच्या आजीनं मला बाळंतपणात तूप दिलं हुतं." ते मला ठाऊक नव्हतं. काय बोलावं कळेना.

तेवढ्यात ती मुलगी तांब्या-पेला घेऊन आली. स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला. मी पेला हातात घेतला आणि खिडकीकडं पाहिलं. सूर्य बुडाला होता की नव्हता, सांगता येत नव्हतं. लग्न झाल्यापासून सूर्यास्तानंतर मी पाणी घेतलेलं नाही. आणि पाणी नळाचं, गाळलेलं आहे की नाही हे विचारायचं तरी कसं? माझा नियम खरा आहे, तो काही कुणाला टाळण्यासाठी केलेला नाही. पण समोरच्या बाईला दिसणार होतं ते इतकंच, की ह्यांच्या घरातल्या बाईनं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. ह्या दोन नकारांतला फरक तिला कोण सांगणार आणि तिनं तो का मानावा?

किती वेळ गेला असेल? चार श्वास. पण मावशींच्या लक्षात आलं. दिसत नसलं तरी आलं. "राहू दे गं," त्या नातीला म्हणाल्या, "त्यांचा नेम असतोय. ऊन गेलं न्हवं. आक्का, पेला ठेवा तिथं, काय हरकत न्हाई."

त्या मला सांभाळून घेत होत्या. नात काही बोलली नाही. ती माझ्या हाताकडं पाहत होती.

मी पाणी प्यायले. सगळं. पेला तिच्या हातात दिला.

घरी आल्यावर जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "दिवस होता ना अजून?" मी म्हटलं, ठाऊक नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माताजींना विचारून प्रायश्चित्त घ्या." मी म्हटलं, घेईन. घेतलंही, दोन उपवास. पाणी प्यायल्याचं घेतलं. ते चार श्वास थांबल्याचं काय घ्यायचं, हे मी माताजींना विचारलं नाही.

यंदाच्या दशलक्षणात त्या मुलीनं येऊन महाडवर बोलावं, असं मी मंडळाच्या बैठकीत सुचवलंय. दोघी-तिघी लगेच हो म्हणाल्या. एकीनं विचारलं की व्याख्यानानंतर अल्पोपाहार असतो, त्याचं कसं करायचं. कुणी उत्तर दिलं नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, पुढच्या बैठकीत बघू. बैठक येत्या रविवारी आहे.